टेट्रालॉजी ऑफ फॅलो: पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

बाळाच्या इको (हृदयाची सोनोग्राफी) रिपोर्टवर ‘टीओएफ’, म्हणजे टेट्रालॉजी ऑफ फॅलो हा जन्मजात हृदयदोष, ही अक्षरं वाचून घरी आलेल्या आईबाबांसाठी आणि आजीआजोबांसाठी हे पान आहे. उपचार ठरवायचे ते तुमच्या बालहृदयरोगतज्ज्ञांनीच. पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं आणि घरी कशावर लक्ष ठेवायचं, हे आधी माहीत असलेलं बरं. आत्ता सगळं वाचायला वेळ नसेल, तर ‘स्पेल’बद्दलचे, म्हणजे बाळ अचानक निळं पडण्याच्या झटक्याबद्दलचे, दोन प्रश्न आधी वाचा.

बाळाच्या हृदयात नेमकं काय झालं आहे?

हृदयाचा उजवा खालचा कप्पा शरीरातून आलेलं, ऑक्सिजन कमी असलेलं रक्त फुफ्फुसांकडे ढकलतो. टीओएफमध्ये त्या कप्प्यातून बाहेर पडायची वाटच अरुंद असते. कधी झडपेखालचा स्नायू जाड असतो, कधी झडपच नीट उघडत नाही, कधी पुढची फुफ्फुसधमनी बारीक असते. बऱ्याच बाळांत हे सगळं थोडंथोडं असतं. दुसरी गोष्ट म्हणजे दोन्ही खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र असतं. तिसरी, शरीराला रक्त पुरवणारी महाधमनी थोडी उजवीकडे सरकून नेमकी त्या छिद्रावर येते. आणि अरुंद वाटेतून रक्त ढकलून ढकलून उजव्या कप्प्याचा स्नायू जाड होतो, ही चौथी.

या चार गोष्टी स्वतंत्रपणे बिघडलेल्या नसतात. गर्भात पहिल्या दोन महिन्यांत हृदय घडत असताना दोन्ही मोठ्या धमन्यांच्या वाटा वेगळ्या करणारा छोटा पडदा पुढे सरकतो आणि बाकीचं त्यातून ओघानं येतं. मार्सेयचे डॉक्टर आर्थर फॅलो यांनी 1888 साली हे चारही दोष एकत्र मांडले, म्हणून त्यांचं नाव. डेन्मार्कच्या नील्स स्टेन्सन यांनी असं हृदय 1671 मध्येच वर्णन करून ठेवलं होतं.

डॉक्टर म्हणाले “हार्टला होल आहे”. शेजारच्या बाळाचं होल आपोआप बुजलं. आमचंही बुजेल ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त नुकसान करतो, म्हणून स्पष्ट सांगते. पडद्यातली काही लहान छिद्रं वय वाढताना खरंच बुजतात. टीओएफमधलं छिद्र मोठं असतं, ते बुजत नाही. शिवाय इथली मुख्य अडचण छिद्र नाही, अरुंद वाट आहे. फुफ्फुसांकडे जायला अडथळा असल्यामुळे अशुद्ध रक्त छिद्रातून थेट महाधमनीत शिरतं आणि अंगभर फिरतं, त्यानं बाळ निळसर दिसू लागतं. बाळाच्या वाढीबरोबर स्नायू आणखी जाड होतो आणि वाट बहुधा आणखी अरुंद होते. “वाट पाहू, बुजेल” म्हणून घालवलेले महिने बाळाच्या विरोधात जातात.

आमचं बाळ निळं दिसतच नाही. निदान चुकलं असेल का?

चुकलंच असेल असं नाही. वाट फारशी अरुंद नसेल तर फुफ्फुसांकडे पुरेसं रक्त जातं आणि बाळ गुलाबी दिसतं. अशी बाळं पुढच्या काही महिन्यांत निळसर व्हायला लागू शकतात. सावळ्या रंगात निळेपणा चटकन कळतही नाही. ओठांवर आणि गालांवर विसंबू नका. दिवसाच्या उजेडात जीभ, हिरड्या आणि नखं बघा. थंडीत हातपाय थोडे निळसर दिसणं वेगळं, जीभ निळी दिसणं वेगळं. जीभ निळी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मोठ्या मुलांत बोटांची टोकं फुगीर, गोल झालेली दिसतात.

निदान कसं होतं?

गरोदरपणात 18 ते 22 आठवड्यांच्या सोनोग्राफीत शंका येऊ शकते. मग गर्भाचा इको करतात. जन्मानंतर साधारण 24 तासांनी उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून ऑक्सिजन मोजतात. दोन मिनिटांची, न दुखणारी तपासणी आहे. बाळंतपण कुठेही झालं तरी ती मागून घ्या. गुलाबी टीओएफ मात्र या तपासणीत सुटू शकतो, तो बहुधा छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर ऐकू येणाऱ्या ‘मर्मर’वरून पकडला जातो. पक्कं निदान टूडी इकोवर होतं. ऑपरेशनआधी कधी सीटी अँजिओही करतात, कारण काही मुलांत हृदयाला रक्त देणारी एक महत्त्वाची धमनी नेमकी त्याच वाटेवरून आडवी गेलेली असते आणि सर्जनला ते आधी कळणं गरजेचं असतं.

काही बाळांची वाट इतकी अरुंद असते की जन्मानंतर डक्टस ही फुफ्फुसधमनीला जोडलेली गर्भातली रक्तवाहिनी बंद होऊ लागली की ती लगेच अत्यवस्थ होतात. अशा बाळांना ती वाहिनी उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिनचं औषध शिरेतून चालू ठेवून हृदयकेंद्रात हलवावं लागतं.

गरोदरपणात माझं काही चुकलं का?

नाही. ग्रहणात बाहेर गेल्यानं, जिना चढल्यानं, पपई खाल्ल्यानं किंवा कुणाच्या नजरेनं हे होत नाही. आईला हे ऐकवणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला ही ओळ वाचून दाखवा. आधीपासूनचा, ताब्यात नसलेला मधुमेह, पहिल्या महिन्यांतला रुबेला, दारू आणि मुरुमांवरची काही औषधं यांनी धोका थोडा वाढतो, पण बहुतेक बाळांत ठोस कारण सापडत नाही. दर 10,000 जन्मांमागे तीन ते चार बाळांत हा दोष असतो.

साधारण सातांपैकी एका बाळात 22 क्रमांकाच्या गुणसूत्राचा छोटा तुकडा कमी असतो. त्याची तपासणी करून घ्या असं मी आग्रहानं सांगेन. अशा बाळांत कॅल्शियम कमी पडून झटके येऊ शकतात, प्रतिकारशक्ती कमी असू शकते आणि त्यांना द्यायचं रक्त खास प्रक्रिया केलेलं लागतं, म्हणजे हे ऑपरेशनच्या आधी माहीत हवं. डाउन सिंड्रोमबरोबरही टीओएफ दिसतो. असं जनुकीय कारण नसेल तर पुढच्या बाळाला हृदयदोष असण्याची शक्यता शंभरात तीनच्या आसपास असते. पुढच्या खेपेला गर्भाचा इको नक्की करा.

‘स्पेल’ म्हणजे काय?

अरुंद वाटेतून जाणारं रक्त अचानक आणखी कमी होतं आणि बहुतेक अशुद्ध रक्त थेट अंगात जाऊ लागतं, तो स्पेल. साधारण दोन महिन्यांपासून पुढे, पहिल्या वर्षात तो जास्त दिसतो. बऱ्याचदा सकाळी उठल्यावर, दूध पिताना, शी करताना कुंथल्यावर, रक्त काढताना किंवा खूप रडल्यावर येतो.

बाळ चिडचिडं होतं, काही केल्या शांत होत नाही. श्वास जोरात आणि खोल चालतो; सर्दी किंवा दम्यासारखी घरघर मात्र नसते. निळेपणा बघता बघता वाढतो. त्यानंतर बाळ एकदम मलूल पडलं, मान टाकली, तर “दमून झोपलं” असं समजू नका. तो धोक्याचा टप्पा आहे. ऑक्सिजन कमी पडून बेशुद्धी किंवा आकडी येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं.

स्पेल आला तर घरी काय करायचं?

बाळाला उचला आणि दोन्ही गुडघे पोटातून छातीपर्यंत दुमडून धरा. खांद्यावर घेऊन त्याच्या पायांना खालून आधार देता येतो किंवा मांडीवर उताणं ठेवून गुडघे छातीशी दाबून धरता येतात. पाय दुमडल्यानं शरीराकडे जाणाऱ्या रक्ताला विरोध वाढतो आणि जास्त रक्त फुफ्फुसांच्या वाटेला वळतं. चालायला लागलेली, ऑपरेशन न झालेली मुलं खेळता खेळता मध्येच उकिडवी बसतात ती याचसाठी. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. असं उकिडवं बसणारं मूल दिसलं तर रागावून उभं करू नका, तपासून घ्या.

आवाज खाली ठेवा, गर्दी बाजूला करा, बाळ आईजवळच राहू द्या. मलूल बाळाच्या तोंडात पाणी किंवा दूध घालू नका. कांदा हुंगवणं, गदागदा हलवणं, तोंडावर पाणी मारणं यातलं काहीही करू नका. काही मिनिटांत रंग सुधारला नाही, बाळ मलूल झालं किंवा आकडी आली तर 108 ला फोन करा आणि वाटेतही गुडघे दुमडलेलेच ठेवा. इस्पितळात पोचल्यावर पहिलं वाक्य “बाळाला टीओएफ आहे, स्पेल आलाय” असं असू दे. तिथे ऑक्सिजन, शिरेतून पाणी, बाळाला शांत करणारं औषध आणि गरजेप्रमाणे पुढची औषधं देतात.

स्पेल आपोआप थांबला तरी त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांना कळवा. एक स्पेल येऊन गेला म्हणजे ऑपरेशनची तारीख अलीकडे आणायची वेळ झाली.

प्रोप्रॅनोलॉल दिलं आहे. ते कशासाठी?

स्पेल टाळण्यासाठी. त्यानं वाट कायमची रुंद होत नाही. ऑपरेशनपर्यंतचा काळ सुरक्षित जावा म्हणून ते असतं. स्वतःहून बंद करू नका. मात्र बाळ दूध घेत नसेल, उलट्या होत असतील, तर डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा, कारण अशा वेळी या औषधानं रक्तातली साखर उतरू शकते.

हिमोग्लोबिन 12 आहे, लॅबच्या कागदावर ‘नॉर्मल’. तरी लोहाचं औषध का?

ऑक्सिजन कमी असलेलं शरीर भरपाई म्हणून जास्त रक्तपेशी तयार करतं. निळ्या बाळाचं हिमोग्लोबिन त्यामुळे इतरांपेक्षा वरच असायला हवं. निरोगी बाळासाठीचा 12 हा आकडा निळ्या बाळासाठी रक्तक्षय असू शकतो, आणि लोहाची कमतरता असली की स्पेल आणि मेंदूत गुठळी होण्याचा धोका वाढतो. लोह लिहून दिलं असेल तर चुकवू नका. सहा महिन्यांनंतरच्या वरच्या आहारातही ते हवं.

उन्हाळ्यात आणि जुलाब-तापात काय जपायचं?

निळ्या बाळाचं रक्त आधीच दाट असतं. शरीरातलं पाणी कमी झालं की ते आणखी दाट होतं आणि गुठळीचा धोका वाढतो. विदर्भ-मराठवाड्यातला मे महिना या बाळांसाठी म्हणून कठीण. अंगावरचं दूध वारंवार द्या. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला पाणीही. जुलाब सुरू झाले तर ओआरएस लगेच सुरू करा आणि त्याच दिवशी दाखवा. दोन वर्षांपुढचं ऑपरेशन न झालेलं मूल ताप, डोकेदुखी, उलट्या किंवा आकडीनं आजारी पडलं तर मेंदूत पू झाला नाही ना, हे बघावं लागतं. साधा ताप म्हणून घरी ठेवू नका.

लसी द्यायच्या का? जावळ आणि कान टोचण्याचं काय?

लसी वेळापत्रकाप्रमाणे सगळ्या द्यायच्या, न्यूमोकोकल आणि फ्लूच्याही. 22 क्रमांकाच्या गुणसूत्राचा दोष असेल किंवा बाळाला नुकतंच रक्त दिलं असेल, तर गोवर-रुबेलासारख्या जिवंत विषाणूंच्या लसी कधी द्यायच्या ते विचारून घ्या. लस टोचताना बाळ रडेल, म्हणून तिथल्या सिस्टरना आजाराची कल्पना द्या आणि लगेच जवळ घ्या.

जावळ आणि कान टोचणं ऑपरेशननंतर करा. अर्धा तास आकांत करून रडणं या बाळाला परवडणारं नाही, आणि टोचलेल्या जागेतून जंतू रक्तात गेले तर ते हृदयात घर करू शकतात. देव-धर्माचं काही बिघडत नाही, पुढच्या वर्षी तोच सोहळा करता येतो.

ऑपरेशन कधी? “थोडं वजन वाढू दे” असं घरचे म्हणतात.

बाळ स्थिर असेल तर भारतात पूर्ण दुरुस्ती साधारण 6 ते 12 महिन्यांच्या दरम्यान करतात. काही केंद्रं त्याआधीही करतात. स्पेल येत असतील किंवा ऑक्सिजन फार खाली असेल तर वयाची वाट पाहत नाहीत. वजनाचा मुद्दा सर्जन बघतील. वजन किती हवं आणि तारीख कोणती, हे त्यांच्याकडून स्पष्ट विचारून घ्या. नुसतं “नंतर या” घेऊन परतू नका.

ऑपरेशन न झालेल्या मुलांचं काय होतं ते जुन्या नोंदींत आहे: जवळपास चौथा हिस्सा मुलं पहिल्याच वर्षात जात, आणि दहाव्या वर्षापर्यंत सत्तर टक्के. हे घाबरवायला सांगत नाही. बरा करता येण्यासारखा आजार आहे आणि वेळ हातात आहे, तोवर तारीख पक्की व्हावी एवढ्यासाठी सांगते. मुलगी आहे म्हणून, छातीवर वण राहील म्हणून कुणी तारीख पुढे ढकलत असेल, तर त्या घरातल्या समजूतदार माणसानं उभं राहायला हवं.

‘शंट’ सांगितला आहे. तो पूर्ण ऑपरेशन नाही का?

नाही, ती पहिली पायरी आहे. बाळ फार लहान असेल किंवा फुफ्फुसाच्या धमन्या बारीक असतील, तर हाताकडे जाणाऱ्या धमनीपासून फुफ्फुसधमनीपर्यंत काही मिलिमीटरची कृत्रिम नळी जोडतात. त्यानं फुफ्फुसांना रक्त मिळतं आणि धमन्या वाढतात. काही ठिकाणी छाती न उघडता, कॅथेटरनं अरुंद वाटेत स्टेंट बसवतात. शंटनंतर अ‍ॅस्पिरिन दिलं असेल तर एकही दिवस चुकवू नका. नळी बंद पडली तर बाळ काही तासांत गंभीर होऊ शकतं.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात 29 नोव्हेंबर 1944 ला शंटचं ऑपरेशन पहिल्यांदा झालं. डक्टस बंद झाली की निळी बाळं ढासळतात, हे बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टाउसिग यांनी टिपलं होतं. तशीच एक वाट हातानं तयार करता येईल का, हा प्रश्न त्यांचा. ऑपरेशन सर्जन आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी केलं. आणि प्रयोगशाळेत कुत्र्यांवर हे तंत्र बसवलं ते व्हिव्हियन थॉमस यांनी. ते कृष्णवर्णीय होते, वैद्यकीय पदवी नव्हती, आणि त्या दिवशी ब्लॅलॉक यांच्या मागे उभं राहून ते त्यांना एकेक टाका सांगत होते. त्यांचं नाव कित्येक वर्षं घेतलं गेलं नाही, म्हणून इथे मुद्दाम घेते.

पूर्ण दुरुस्तीत काय करतात? धोका किती?

हार्ट-लंग मशीनवर घेऊन हृदय थांबवतात. छिद्रावर पॅच शिवतात, वाटेतला जादा स्नायू कापतात, झडप मोकळी करतात. झडपेचं कडंच लहान असेल तर वाट रुंद करायला तिथेही पॅच लावावा लागतो. ही दुरुस्ती पहिल्यांदा सी. वॉल्टन लिलेहाय यांनी मिनेसोटात 31 ऑगस्ट 1954 ला केली. तेव्हा त्यांच्याकडे मशीन नव्हतं. दुसऱ्या माणसाचं रक्ताभिसरण रुग्णाला जोडून त्यांनी ती केली. आज अनुभवी केंद्रांत या ऑपरेशनमधला मृत्यूचा धोका 3 टक्क्यांच्या आत असतो. तुमच्या बाळाचा धोका धमन्यांची जाडी, वय आणि सोबतचे दोष यांवर ठरतो. “आमच्या बाळाच्या बाबतीत किती?” हे थेट विचारा, आणि त्या केंद्रात वर्षाला किती लहान मुलांची हृदय-ऑपरेशनं होतात तेही. यात संकोच नको.

खर्च झेपणार नाही. काय करावं?

पैशासाठी थांबू नका, आधी चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडी आणि शाळेत तपासणी होते आणि हृदयदोष सापडला तर पुढच्या उपचारांसाठी पाठवलं जातं. गावातल्या आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेला आजच सांगा; जिल्हा रुग्णालयातही या कार्यक्रमाचा कक्ष असतो. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही जन्मजात हृदयदोषांची ऑपरेशनं बसतात. योजनेतल्या इस्पितळात ‘आरोग्यमित्र’ बसतात, त्यांना रेशनकार्ड, ओळखपत्र आणि इको रिपोर्ट दाखवा. गोव्यातल्या रहिवाशांनी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेची चौकशी करावी. नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनी केंद्रात लहान मुलांची हृदय-ऑपरेशनं मोफत होतात. दागिना मोडण्याआधी, जमीन गहाण टाकण्याआधी ही दारं ठोठवा.

ऑपरेशननंतर घरी आल्यावर काय काळजी घ्यायची?

छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर काखेत हात घालून उचलू नका. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली. ताप, जखमेतून पाणी, धाप, दूध तोडणं यांपैकी काहीही दिसलं की लगेच फोन करा.

ऑपरेशन झालं, मूल धडधाकट आहे. दरवर्षी इको कशाला?

कारण दुरुस्त झालेलं हृदय आणि मुळातच निर्दोष हृदय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पालक थकतात, मूल धावताना दिसतं, आणि पाचव्या-सहाव्या वर्षी फॉलो-अप सुटतो. पुढची अडचण नेमकी त्यानंतर, गुपचूप येते.

झडपेवर पॅच लावला असेल तर ती पूर्ण मिटत नाही. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त उजव्या कप्प्यात परत येतं. कप्पा वर्षानुवर्षं हळूहळू मोठा होत जातो आणि मुलाला काहीच जाणवत नाही. त्रास जाणवू लागेपर्यंत स्नायू बराच थकलेला असतो. म्हणून इको, ईसीजी आणि मोठ्या वयात कार्डिअ‍ॅक एमआरआय करून योग्य वेळी नवी झडप बसवतात, बऱ्याच जणांना ती तरुणपणी लागते. 2000 सालापासून काही रुग्णांना छाती न उघडता, कॅथेटरनंही ती बसवता येते.

दुसरी गोष्ट ठोक्यांची लय. जुन्या टाक्यांच्या आसपासून वेडेवाकडे ठोके सुरू होऊ शकतात. अचानक खूप धडधड होणं, चक्कर येऊन पडणं याकडे दुर्लक्ष नको. “उपाशी होता म्हणून पडला” असं घरी ठरवू नका.

नियमित तपासणीत राहिलेली बहुतेक मुलं मोठी होतात, शिकतात, नोकरी-संसार करतात.

शाळा आणि खेळ?

शाळा नक्की. तपासणी चांगली असेल तर पळणं, पोहणं, मैदान सगळं. शिक्षकांना चिठ्ठी द्या, पण मुलाला कोपऱ्यात बसवू नका. स्पर्धेच्या खेळाआधी तज्ज्ञांना विचारा.

दातांचं एवढं का सांगतात?

किडलेल्या दातांतून जंतू रक्तात जातात आणि हृदयाच्या आतल्या अस्तराला चिकटू शकतात. ऑपरेशन न झालेलं निळं मूल, दुरुस्तीनंतरचे पहिले सहा महिने, पॅचच्या कडेनं गळती उरलेली असणं किंवा कृत्रिम झडप असणं, या स्थितींत दात काढण्यासारख्या कामाआधी अँटिबायोटिकचा एक डोस लागतो. दंतवैद्याला आधीच सांगा.

मुलगी मोठी झाली. लग्न आणि मूल?

दोन्ही शक्य आहे. गर्भधारणेआधी, राहिल्यावर नव्हे, जन्मजात हृदयदोषांच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्या. झडप बदलायची असेल तर ती बहुधा आधी बदलणं सोयीचं. आजार सासरच्यांपासून लपवून ठेवला की फॉलो-अपही लपवावा लागतो आणि किंमत मुलीच्या हृदयाला मोजावी लागते. ठरवतानाच सांगा.

माझा टीओएफ तिशीत सापडला. आता उशीर झाला का?

बहुतेकदा नाही. मोठ्या वयातही दुरुस्ती होते आणि फायदा होतो, धोका मात्र लहानपणीपेक्षा जास्त. प्रौढांच्या जन्मजात हृदयदोषांचा अनुभव असलेल्या केंद्रातच जा.

कोणते कागद जपायचे?

पहिला इको, डिस्चार्ज कार्ड, आणि सगळ्यात महत्त्वाची ऑपरेशन नोट. झडपेवर पॅच लावला की नाही, धमन्यांची ठेवण कशी होती, हे तिच्यातच असतं आणि वीस वर्षांनी झडप बसवणाऱ्या डॉक्टरांना तेच लागतं. डिस्चार्जच्या वेळी तिची प्रत मागा. फोटो काढून दोघांच्या फोनवर ठेवा, आणि मूल दहावी-बारावीला पोचलं की ती फाइल त्याच्या हातात देऊन आत काय लिहिलंय ते त्याला समजावून सांगा.